जमीन तासावर सोपवू नका

सह्याद्रीच्या उतारावर किंवा कोकणात घर बांधायला निघालेला माणूस आर्किटेक्ट निवडताना चौघांना विचारतो, फरशीचे नमुने घरी आणून उजेडात धरून पाहतो, सिमेंट कोणत्या कंपनीचे घ्यायचे यावर आठवडाभर खल करतो. जागा साफ करून सपाट करण्याचे काम मात्र एका फोनवर ठरते. ‘तासाला किती घेता?’ एवढा एक प्रश्न, थोडी घासाघीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी जागेवर हजर. मालक बहुधा मुंबईत नाहीतर पुण्यात असतो. ‘सगळे प्लेन करून टाका,’ एवढेच त्याने सांगितलेले असते आणि यंत्राचा ऑपरेटर ते अक्षरशः पाळतो. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तांबड्या मातीचा सपाट चौकोन दिसला की काम झाले, असे दोन्ही बाजू धरून चालतात. घराच्या सगळ्या कामांत सर्वांत कमी विचार या कामावर होतो आणि सर्वांत जास्त काळ टिकणारा परिणाम याच कामाचा असतो. फरशी उखडून दुसरी बसवता येते. उतार एकदा कापला, वहाळाचे तोंड एकदा बुजवले, वरची कसदार माती एकदा खाली ढकलून दिली, की ते पूर्ववत करणे बहुतेकांच्या खिशाबाहेरचे असते.

माझे म्हणणे असे की, हे काम गावातल्या किंवा पंचक्रोशीतल्या ठेकेदारालाच द्यावे, पण तासावर देऊ नये. ते मापावर द्यावे, कागदावर द्यावे आणि त्यातले थोडे पैसे एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावेत. ‘स्थानिकांना काम द्या’ ही मागणी आपल्याकडे नेहमी रोजगाराच्या अंगाने होते आणि ती रास्तही आहे. मला मात्र तिचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. डोंगरउताराची जमीन तयार करण्यासाठी जी माहिती लागते, ती गावात असते. तासाच्या हिशेबाने काम दिले की त्या माहितीला काही किंमतच उरत नाही.

हिशेब मांडून पाहू. दहा गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे १०,८९० चौरस फूट. तो उताराच्या दिशेने १०० फूट लांब आणि साधारण १०९ फूट रुंद आहे आणि उतार एकास दहा आहे असे समजा, म्हणजे खालच्या हद्दीपेक्षा वरची हद्द दहा फूट उंच. मालकाला सगळी जागा एका पातळीत हवी असेल, तर वरच्या बाजूला पाच फूट कापायचे आणि ती माती खाली पाच फूट भरायची. कापायची माती भरते सुमारे १३,६०० घनफूट, म्हणजे १३६ ब्रास. आता हीच जागा उताराला आडव्या अशा तीन पायऱ्यांत केली, तर प्रत्येक पायरीला वर पावणेदोन फुटांच्या आत कापावे लागते आणि खाली तेवढेच भरावे लागते. एकूण कापणी होते ४५ ब्रास. अगदी एक तृतीयांश. वरच्या शेजाऱ्याच्या बांधाखाली पाच फुटांची उभी, उघडी माती राहण्याऐवजी दीड-पावणेदोन फुटांची राहते. खालच्या बाजूचा भराव पाच फुटांवरून तेवढाच खाली येतो. घर मधल्या पायरीवर, अंगण खालच्या, परसदार आणि झाडे वरच्या. कोकणातली जुनी घरे, त्यांची जोती, खालची खळी आणि आजूबाजूचे गडगे पाहिले तर हा हिशेब कोणी कागदावर न मांडताही पाळलेला दिसतो.

पण ज्याला तासावर पैसे मिळतात, त्याने मालकाला ‘तीन पायऱ्या करा’ असे का सांगावे? त्याचे दोन तृतीयांश काम त्यातच बुडते. त्याला लबाड ठरवायचे कारण नाही. यंत्राचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो, डिझेल रोखीने भरावे लागते, ऑपरेटरचा पगार आणि जेवणखाण असते, आणि पावसाळ्याचे चार महिने यंत्र जवळजवळ उभे राहते. आठ महिन्यांत बाराही महिन्यांचे भागवायचे असते. अशा माणसाला आपण तासाचा दर देतो, तेव्हा जितकी जास्त जमीन उकरशील तितके तुझे भले, असा करारच आपण त्याच्याशी केलेला असतो. त्याने तो पाळला म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मालकाला वाटते की तासाचा दर कमी करून घेतला म्हणजे पैसे वाचले. दर कमी झाला आणि तास वाढले, तर वाचले काहीच नाही. शिवाय आता त्या पाच फुटी उघड्या कापाला संरक्षक भिंत लागणार, आणि तिचा खर्च सपाटीकरणाच्या बिलाहून कितीतरी मोठा असतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस तिकडे नवलाचा नाही. तेवढा पाऊस दहा गुंठ्यांवर पडला की फक्त त्या प्लॉटवरचे पाणी होते एक लाख लिटर. डोंगराकडून उतरून येणारे वेगळेच. झाडी, गवत, करवंदीच्या जाळ्या आणि मुळांनी धरलेली माती असताना यातले बरेच पाणी मुरायचे आणि उरलेले ठरलेल्या वाटांनी वहाळाकडे जायचे. यंत्राने जागा खरवडली की मुरणे थांबते, आणि भराव नेमका त्या वाटांवर पडतो. जांभ्याच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. वरचा जांभा टणक असतो, पण त्याच्या खाली अनेक ठिकाणी पांढुरकी, पिवळसर, हाताने कुस्करता येईल अशी मऊ माती असते. जांभ्याचे कवच आहे तोवर ती शाबूत राहते. कापणी त्या थरापर्यंत गेली आणि तो उघडा पडला, की पहिल्या पावसात तो भिजून सुटू लागतो आणि वरचा जांभा अधांतरी होतो. कुठे किती फुटांवर हा थर लागतो, हे शेजारच्या विहिरीच्या किंवा चिरेखाणीच्या खोदाईत गावातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

भरावाचेही तसेच. माती नुसती ढकलून दिली की भराव होत नाही. आठ-दहा इंचांचा एक थर पसरायचा, त्यावर बेताचे पाणी मारायचे, रोलरने दाबायचा आणि मग पुढचा थर, असे करत वर यायचे असते. पाणी किती, याची जागेवरची साधी परीक्षा आहे. मूठभर माती आवळली तर तिचा गोळा झाला पाहिजे, तो सुटता कामा नये आणि तळहात ओला होता कामा नये. भरावाखालच्या जागेवरची खोडे, मुळे, पालापाचोळा आधी पूर्ण काढावा लागतो, कारण तो गाडला गेला की दोन-तीन वर्षांत कुजतो, आत पोकळ्या होतात, वाळवी लागते आणि वरची जमीन खचते. तासावरच्या कामात यातले काहीच होत नाही. पाच फूट माती एकाच वेळी खाली लोटली जाते, वरून यंत्र चार वेळा फिरते आणि पृष्ठभाग घट्ट दिसतो. आत सगळे सैल. पुढच्या वर्षी ओट्याला तडा गेला की दोष गवंड्याला मिळतो.

इथे दरडींचा विषय निघणे साहजिक आहे, आणि तो जपून बोलण्याचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गाडली गेली. या तिन्ही घटनांचे खापर जेसीबीवर फोडणे खरे होणार नाही. अतिवृष्टी आणि डोंगराची मूळची रचना ही त्यांमागची मोठी कारणे होती. माळीणच्या बाबतीत यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा पुष्कळ झाली, आणि त्याचा वाटा किती यावर मतभेद राहिले. पण त्याच भागात पडकई नावाची जुनी रीत होती. आदिवासी शेतकरी एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबून उतारावर भातखाचरे पाडत. हाताने काम करणारा माणूस लागते त्याहून एक टोपलेही जास्त उकरत नाही, आणि वर्षाला थोडे थोडे पाडलेले खाचर एक-एक पावसाळा सोसून पुढे सरकते. यंत्र हेच काम दोन दिवसांत करते. मधल्या पावसाळ्यांनी जे शिकवले असते ते शिकायला तेव्हा सवडच राहत नाही. यंत्र नको, असे मी म्हणत नाही. त्याच्या वेगाला आवर घालणारी व्यवस्था करारातच असावी, एवढेच म्हणतो.

स्थानिक ठेकेदाराकडे काय असते, ते आता पाहू. फेब्रुवारीत कोरडा ठणठणीत दिसणारा चर जुलैत कमरेएवढ्या पाण्याने वाहतो, हे त्याला माहीत असते. गाव नकाशावर नसलेला झरा त्याला ठाऊक असतो. वरच्या वाडीतली माणसे देवळाला किंवा स्मशानाला जायला कोणती पाखाडी वापरतात, गुरे कुठून उतरतात, हे त्याला सांगावे लागत नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याला वीस-वीस नावे असतात. कोणत्या भावकीत वाद चालू आहे आणि कुठल्या बांधाला हात लावला की उद्या पोलीस ठाण्यात अर्ज पडेल, हेही तो जाणतो. हद्दीचा दगड एकदा यंत्राखाली गेला की मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाच्या रांगेत पुन्हा उभे राहावे लागते. बाहेरून आलेल्या ऑपरेटरला तो दगड बाकीच्या दगडांसारखाच दिसतो. रान साफ करायचा सोपा उपाय म्हणून काडी लावून देणाऱ्यांमुळे दर उन्हाळ्यात वणवे पेटतात आणि शेजारच्या काजूच्या, आंब्याच्या बागा होरपळतात. ज्याची स्वतःची किंवा मामाची बाग पलीकडे आहे, तो काडी लावत नाही, माणसे लावून बेणणी करून घेतो.

ही सगळी माहिती फुकट मिळत नाही आणि आपोआप वापरलीही जात नाही. गावचा म्हणून ज्याला काम दिले, तो पुष्कळदा फक्त यंत्र पाठवतो. स्वतः दुसऱ्या साइटवर असतो आणि जागेवर असतो तो परराज्यातून आलेला, महिनाभरापूर्वी इथे दाखल झालेला तरुण ऑपरेटर. त्याचे कसब वादातीत असते, पण त्याला वहाळ, पाखाडी, भावकी यांतले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा स्थानिक माणसाला काम दिले म्हणजे त्याची माहिती विकत घेतली, असे होत नाही. यंत्र चालू असताना ठेकेदाराने किंवा त्याच्या जाणत्या माणसाने जागेवर उभे राहायचे, ही अट कागदावर यावी लागते आणि त्या उभे राहण्याचे पैसे दरात धरावे लागतात. ते न देता त्याच्या अनुभवाची अपेक्षा करणे हा मालकाचा चिक्कूपणा आहे.

मापावर काम देणे सामान्य माणसाला जमणार नाही, असे म्हटले जाते. महाराष्ट्रात तरी हे ऐकून घेऊ नये. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ साली केला, आणि त्या कामांवर बंधाऱ्याच्या, नालाबांधाच्या, रस्त्याच्या खोदाईची मजुरी खड्ड्याचे माप घेऊन निघत असे. किती लांब, किती रुंद, किती खोल, माती कोणती, मुरूम की कठीण मुरूम, हे निरक्षर बायाबापड्यांनाही पाठ होते, आणि माप कमी धरले तर त्या भांडत. तीच पद्धत इथे लागते. खोदाईपूर्वी जागेच्या उंची-खोलीची पातळी पाण्याच्या नळीने किंवा डम्पी लेव्हलने घ्यायची आणि खुणा पक्क्या दगडावर किंवा न काढायच्या झाडावर रंगाने करायच्या. खोदताना मधेमधे मूळ जमिनीचे छोटे खुंट तसेच सोडायचे, म्हणजे किती खोल गेले ते मागाहून कोणालाही टेपने मोजता येते. माप खड्ड्याचे घ्यायचे, डंपरचे नव्हे, हे आधी ठरवून घ्यायचे. जमिनीतली शंभर ब्रास माती सुटी झाली की गाडीत सव्वाशेच्या घरात जाते, आणि फोडलेला कातळ दीडपटीपर्यंत फुगतो. बहुतेक भांडणे याच फरकातून उभी राहतात आणि दोन्ही बाजूंना समोरच्याने फसवले असे वाटत राहते. आणखी एक माप कोणी धरत नाही. दहा गुंठ्यांवरची वरची सहा इंच माती म्हणजे ५४ ब्रास. ती आधी वेगळी काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली, तर पुढे बागेसाठी माती विकत आणावी लागत नाही. तासावरच्या कामात हीच माती सर्वांत आधी भरावाच्या तळाशी गाडली जाते.

कागदाचे महत्त्व पैशांपुरतेच नाही. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर यांसारखी झाडे १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाखाली येतात आणि ती स्वतःच्या जागेतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला बंदी, हा नियम राज्याच्या नियोजन नियमावलीत आहे. उकरलेली माती किंवा मुरूम जागेबाहेर नेऊन विकला, तर तो गौण खनिजाचा विषय होतो. त्यासाठी महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास लागतो, आणि तो नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, यंत्र आणि डंपर जप्त होऊ शकतात. उलट, पायासाठी उकरलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली, तर केवळ उकरली म्हणून स्वामित्वधन लावता येत नाही, तिचा वापर कशासाठी झाला ते पाहावे लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये दिला. माती कुठे जाणार, हे करारात लिहिलेले असले की तलाठी किंवा मंडळ अधिकारी दारात आल्यावर मालक आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. तासावरच्या तोंडी कामात मात्र जास्तीची माती रात्री कुठे गेली हे मालकाला कळत नाही, आणि नोटीस येते ती सातबाऱ्यावरच्या नावाला.

एक पावसाळा पैसे राखून ठेवण्याची कल्पना नवी नाही. सरकारी कामांत अनामत रक्कम आणि दोष दुरुस्तीचा काळ असतोच. मातीच्या कामाची परीक्षा पावसाशिवाय होत नाही, त्यामुळे इथे ती अट सर्वांत जास्त लागू पडते. एकूण रकमेच्या दहा टक्के राखावेत. भराव खचला, चर बुजला, कडा सुटली तर ठेकेदाराने येऊन ते नीट करावे आणि मग ती रक्कम न्यावी. लांबच्या शहरातून यंत्र घेऊन आलेला माणूस दहा टक्क्यांसाठी ऑगस्टच्या चिखलात परत येणार नाही, तो ती रक्कम आधीच दरात चढवून मोकळा होईल. पंचक्रोशीतला माणूस येईल, कारण तो रोज त्याच रस्त्याने जातो, पुढचे काम त्याला त्याच गावात मिळवायचे असते आणि भराव वाहून खालच्या शेतात गेला तर पहिली तक्रार त्याच्याच घरी येते. स्थानिक असण्याचा खरा उपयोग इथे होतो.

मोठ्या कंपनीला काम दिले की ही सगळी यातायात वाचते, असे काहींना वाटते. मोठ्या कंपनीकडे यंत्रे चांगली असतात, अभियंते असतात, हे खरे. पण मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटाने काय दाखवले ते सगळ्या कोकणाने पाहिले. राष्ट्रीय महामार्गाचे काम, आराखडे, सल्लागार, सगळे असूनही कापलेल्या डोंगराच्या कडा पावसाळ्यात पुनःपुन्हा ढासळल्या, आणि २०२२च्या उन्हाळ्यात डोंगरकटाईसाठी दिवसातले काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली. पाच-दहा गुंठ्यांच्या कामाला तर मोठी कंपनी स्वतः येतही नाही, ती पोटठेकेदार नेमते. मग मालकाला गावातलाच माणूस मिळतो, फक्त मधल्या दलालीने महाग झालेला आणि जबाबदारीतून सुटलेला. जिथे कापणी दहा-पंधरा फुटांवर जाते, वर किंवा खाली वस्ती आहे, तिथे भूवैज्ञानिकाचा आणि अभियंत्याचा सल्ला घ्यायलाच हवा आणि त्यात काटकसर करू नये. तो सल्ला जमिनीवर उतरवणारा हात मात्र स्थानिकच असावा.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘स्थानिकालाच काम’ या घोषणेच्या आडून औद्योगिक पट्ट्यांत दहशत चालते. कंपनीची जागा ठरली की सपाटीकरण, मुरूम, पाण्याचे टँकर, भंगार या कामांसाठी टोळ्या दारात उभ्या राहतात, बाजारभावाच्या दीड-दोनपट दर मागतात, आणि नकार दिला तर गाड्या अडवतात. पुणे जिल्ह्यातल्या उद्योजकांनी याबद्दल वेळोवेळी सरकारकडे तक्रारी केल्या आहेत. असा माणूस त्याच तालुक्यात जन्मला म्हणून तो स्थानिक ठेकेदार ठरत नाही. ती खंडणी आहे आणि तिचा बंदोबस्त पोलिसांनीच करायचा. या दहशतीचा सर्वांत मोठा तोटा प्रामाणिक स्थानिक ठेकेदाराला होतो, हे मात्र बोलले जात नाही. जमीन गेलेल्या कुटुंबातल्या ज्या तरुणाने मोबदल्याच्या पैशांतून एक यंत्र घेतले, त्याला टोळीच्या आडवे जाऊन निविदा भरण्याची हिंमत होत नाही, आणि कंपनी वैतागून बाहेरचा ठेकेदार आणते. मापाचा उघड दर, लेखी करार आणि राखीव रक्कम या तिन्ही गोष्टी टोळीला नको असतात, कारण तिला काम करायचेच नसते. ज्याला काम करायचे असते त्याची त्यांना हरकत नसते. म्हणून या अटी गावातल्या ठेकेदाराच्या विरोधात आहेत असे समजणे चुकीचे आहे. त्याला टोळीपासून वेगळे काढणारी तीच एक खूण आहे.

ठेकेदार या अटी मान्य करणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. त्यांची बाजू ऐकली तर तो फारसा टिकत नाही. त्यांचीही तक्रार पैशांचीच असते. काम झाल्यावर मालक फोन उचलत नाही, तासांवरून वाद घालतो, ‘इतके तास कसे लागले’ म्हणून अर्धे पैसे अडकवतो. मापाचे काम आणि टप्प्याटप्प्याने पैसे ही त्यांच्याही फायद्याची गोष्ट आहे. डिझेलपुरती उचल आधी द्यावी, रान साफ झाल्यावर एक हप्ता, कापणीचे माप झाल्यावर दुसरा, भराव दाबून आणि पाण्याचे चर पूर्ण झाल्यावर तिसरा, आणि प्रत्येक हप्ता माप झाल्यापासून आठवड्याच्या आत. कातळ लागला तर ब्रेकरचा दर वेगळा, हेही आधीच लिहावे, म्हणजे मधेच काम अडत नाही. नव्वद टक्के वेळेवर मिळाले तर दहा टक्क्यांसाठी थांबायला बहुतेक जण तयार होतील. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या यंत्रमालकांची यादी आणि ब्रासचे चालू दर फलकावर लावले, तर बाहेरगावच्या मालकाला एकाच फोननंबरावर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि नव्याने यंत्र घेतलेल्या पोरालाही काम मिळायची वाट मोकळी होईल.

यात वेळेचे गणित सांभाळावे लागते. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच घाई असते, यंत्रे मिळत नाहीत आणि मिळाली तर दर चढे असतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे तेव्हा भराव दाबायला पाणी नसते. अनेक गावांत प्यायला टँकर येत असतो, तिथे मातीवर कोण पाणी मारणार? म्हणून मेमधला भराव कोरडाच राहतो आणि जूनमध्ये सुटतो. मोजणी आणि परवानग्या दिवाळीच्या आसपास मार्गी लावल्या, तर पौष-माघात, वहाळाला आणि विहिरींना पाणी असताना, कापणी-भराव होऊ शकतो. होळीपर्यंत पायऱ्यांचे बांध, गडगे आणि पाण्याचे चर पुरे होतात. उघड्या कडांवर लावायचे गवत आणि रोपे पहिल्या सरींबरोबर लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये मालकाने निदान दोनदा, भर पावसात, ठेकेदाराला सोबत घेऊन जागेवरून फिरावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे माती गढूळ करून नेते, हे तेव्हाच दिसते, आणि काय दुरुस्त करायचे ते दोघांना एकाच वेळी कळते. नवरात्रात राखलेली रक्कम हातावर ठेवावी. घराचा पाया त्यानंतर खणायला घ्यावा.